मदत हवी आहे : रशियन शिकण्यासाठी दहा महिने कुठे राहावे? मॉस्को, कझान की बिश्केक?

सर्वांना नमस्कार.

मी मूळची जुन्नरची असून सध्या पुण्यात एका शाळेत इतिहास शिकवते. पंधराव्या शतकात व्होल्गाकाठच्या त्वेर शहरातून निघालेला अफनासी निकितीन हा व्यापारी चौल बंदरात उतरला, तिथून आमच्या जुन्नरला आला, पावसाळ्यात दोन महिने राहिला आणि त्याने विकायला आणलेला घोडा तिथल्या खानाने काढून घेतला, ही हकिगत मी लहानपणी ऐकली होती. त्याने लिहून ठेवलेला मजकूर त्याच्याच भाषेत वाचायचा, एवढ्या इच्छेवर मी रशियनच्या वर्गाला नाव घातले. रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात प्रमाणपत्र आणि पदविका पूर्ण झाली. रशियन विद्यापीठांत रशियन माध्यमातून पदवीला प्रवेश घेण्यासाठी जी पहिली पातळी (बी-१) लागते, तिच्या जवळपास मी आले आहे. या पातळीला साधारण २३०० शब्दांची अपेक्षा असते आणि तेवढे शब्द मला वाचताना ओळखू येतात.

बोलताना मात्र फार अडते. मागच्या महिन्यात एका रशियन बाईंशी फोनवर बोलताना, काल मी वाचनालयात गेले होते, हे सांगण्यासाठी मी ‘पश्ला’ हे क्रियापद वापरले. त्या पुढचे ऐकायला थांबल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘‘मग? तिथे काय झाले?’’ जाऊन परत आल्याचे सांगायचे, तर ‘खदीला’ म्हणायला हवे होते. आपल्याकडे ‘गेले’ आणि ‘गेले होते’ यांतला फरक जसा विचार न करता तोंडात येतो, तसा तो रशियनमध्ये यावा, ही माझी तळमळ आहे. सहा विभक्त्या पाठ करता आल्या, पण हे पाठ करून येत नाही. त्यासाठी ती भाषा बोलणाऱ्या माणसांत राहावे लागेल, असे मला मनापासून वाटते.

शाळेने दहा महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर केली आहे. स्वतःची बचत साडेपाच लाख रुपयांची आहे. पदवी नको आहे. केवळ भाषा, आणि तिच्याबरोबर तिथले रोजचे जगणे शिकायचे आहे. तीन ठिकाणे मनात आहेत. मॉस्कोची पुश्किन रशियन भाषा संस्था १९६६ पासून परदेशी विद्यार्थ्यांना रशियन शिकवण्याचेच काम करते, त्यामुळे शिकवण्याच्या दर्जाविषयी शंका नाही, पण मॉस्कोत राहण्याचा खर्च झेपेल का, याची काळजी वाटते. कझानचे विद्यापीठ १८०४ चे आहे आणि शहर मॉस्कोपेक्षा स्वस्त आहे. किर्गिझस्तानात रशियनला अधिकृत भाषेचा दर्जा आहे आणि २०२२ नंतर अनेक पाश्चात्त्य विद्यार्थी रशियाऐवजी बिश्केक, अल्माटी अशा शहरांत रशियन शिकायला जाऊ लागले, म्हणून बिश्केकचाही विचार केला. परंतु तिथे वैद्यकीय शिक्षण घेणारी भारतीय मुले मोठ्या संख्येने आहेत, आणि आपल्याच माणसांत राहून दहा महिने हिंदी-मराठीत निघून जातील, ही भीती आहे.

घरच्यांची काळजी निराळी आणि रास्त आहे. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या नावाखाली रशियात गेलेल्या काही भारतीयांना लष्करात ओढल्याच्या बातम्या बाबांनी वाचल्या आहेत, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेही अशा प्रस्तावांपासून दूर राहण्याचा इशारा दिला आहे. व्हॉट्सॲपच्या कॉलवर तिथे ऑगस्ट २०२५ पासून निर्बंध आले, त्यामुळे रोज बोलणे कसे होणार, असे आई विचारते. मार्च २०२२ पासून आपली व्हिसा-मास्टरकार्ड कार्डे तिथे चालत नाहीत, हेही आहेच.

शिवाय एक अडचण माझ्या नावाची आहे. आडनावात ‘ह’ आहे आणि रशियनमध्ये हा वर्ण नसल्यामुळे त्याचा कधी ‘ख’ होतो, कधी ‘ग’. हिंदीला ते ‘खिंदी’ म्हणतात आणि हिमालयाला ‘गिमालाइ’. ज्या मध्यस्थाकडे मी कागदपत्रांचे भाषांतर करायला दिले, त्याने पासपोर्टवर ‘ख’ लिहिला आणि गुणपत्रिकेवर ‘ग’, आणि वर प्रवेशाची पूर्ण रक्कम आगाऊ मागितली. ती मी दिलेली नाही.

ज्यांनी स्वतः तिथे राहून भाषा शिकली आहे, त्यांनी कृपया सांगावे : शहर कोणते निवडू, आणि नावाचा हा घोळ कसा निस्तरू?

प्रतिसाद :

ताई, नमस्कार. मी एक वर्ष कझानला होतो. आधी नावाचे सांगतो, कारण ते राहिले तर पुढचे सगळे अडेल. पासपोर्टचे नोटरी केलेले रशियन भाषांतर सर्वात आधी करून घ्या, आणि त्यात जे स्पेलिंग येईल तेच प्रत्येक कागदावर, विद्यापीठाच्या निमंत्रणपत्रावरसुद्धा, जसेच्या तसे आहे ना, हे अक्षर लावून तपासा. जुनी भाषांतरे बाजूला ठेवा. निमंत्रणपत्र शिकवणारी संस्था काढते, तेव्हा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला थेट लिहा. मध्यस्थाची गरज नाही. पोहोचल्यावर सात कामकाजी दिवसांच्या आत निवासाची नोंदणी होते, तिची पावती आणि विमानतळावर मिळालेले मायग्रेशन कार्ड कायम जवळ असू द्या. पहिल्या महिन्याचा खर्च रोख न्यावा. स्थानिक बँकेचे मीर कार्ड त्यानंतर काढता येते.

बाबांची भीती खोटी नाही. पूर्ण वाचून समजल्याशिवाय रशियनमधील कोणत्याही कागदावर सही करायची नाही, आणि मोबाइलवर येणाऱ्या कामाच्या प्रस्तावांना उत्तरच द्यायचे नाही, हे दोन नियम मी शेवटपर्यंत पाळले.

शहराविषयी माझे मत असे, की शहरापेक्षा वसतिगृहातली खोली महत्त्वाची. भारतीय सोबती नको, असे अर्जातच नम्रपणे कळवा. माझ्या खोलीत एक व्हिएतनामी आणि एक तुर्कमेन मुलगा होता. दोघांनाही इंग्रजी येत नव्हते, त्यामुळे मीठ कुठे ठेवले इथपासून भांडण मिटवण्यापर्यंत सगळे रशियनमध्येच करावे लागले. ‘खदील’ आणि ‘पशोल’ यांतला फरक मला तिथेच कळला. आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. वयाने मोठ्या शिक्षकांना तिथे नाव आणि वडिलांचे नाव जोडून हाक मारतात. आपण मधले नाव फक्त कागदावर लिहितो, ते तिथे रोज आदराने उच्चारले जाते. पहिल्याच दिवशी ते पाठ करा.

निकितीन वाचायचा असेल, तर तो आजच्या रशियनमध्ये नाही, हे ध्यानात ठेवा. जुन्या रशियनच्या मध्येच तो तुर्की-फारसी मिसळलेली वाक्ये लिहितो. कझानमध्ये रशियनच्या बरोबरीने तातार बोलली जाते, ती तुर्की कुळातलीच, आणि तिथे पौर्वात्य भाषांचे अध्यापन १८०७ पासून सुरू झाले. तुमच्या कामासाठी मला तेच शहर योग्य वाटते.

मूळ प्रश्नकर्ती :

दादा, मनापासून आभार. तुर्की वाक्यांचे माहीत होते, पण त्यावरून शहर निवडावे, हे सुचले नव्हते. उद्या सकाळी पासपोर्ट घेऊन नोटरीकडे जाते आणि ‘ह’चा प्रश्न सोडवते. त्यानंतर कझानच्या आंतरराष्ट्रीय विभागाला पत्र लिहीन. रशियनमध्ये लिहिलेला मसुदा इथे दाखवला, तर तपासून द्याल का?