थंडी, उललेले हात आणि मायचं मेण-तेल : तुमचे अनुभव लिहा

जवसफूल
काल रात्री लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होते. ती अर्धवट झोपेत म्हणाली, "आई, तुझा हात टोचते." हात मागे घेतला आणि एकदम माझी माय आठवली.

दारव्ह्याकडचं आमचं गाव. दिवाळी झाली की माय रोज कापूस वेचायला जायची. वाळल्या बोंडाची टोकं सुईसारखी, त्यानं पेरांना चिरा पडायच्या. घरी आल्यावर राखेनं भांडी, गार पाणी. पौषात टाचा अशा फुटायच्या की भेगेत ज्वारीचा दाणा बसावा. सगळे जेवले की ती निखाऱ्यावर लोखंडी पळी ठेवायची, त्यात जवसाचं तेल अन् बोराएवढा मेणाचा खडा. कोमट झालं की भेगांत भरायची, दात आवळून. वर जुन्या लुगड्याची चिंधी. तो उग्र वास गोधडीला लागायचा आणि मला त्या वासानं झोप यायची. पण तिनं गालावरून हात फिरवला की मी तोंड वळवायची. तेच काल रात्रभर आठवत राहिलं.

माझी कातडीही तिच्यासारखीच. डिसेंबर लागला की नडग्यांवर खवले दिसतात, आंघोळ झाली की आग होते. तुमच्याकडे काय करायचे, आता काय करता? लिहा.

पऱ्हाटीवाली
ताई, डोये भरले वाचून. मी आताच वावरातून आली. आमी बोटाले चिकटपट्टी गुंडाळून वेचतो, तरी तिसऱ्या दिवशी रक्त निघतेच. घरचे रात्री हरभरा ओलायले जातात, मोटारीची लाईट रातचीच असते ना. सकाळी पाय पाहावत नाही. गमबूट घेतले यंदा, त्यानं लय फरक पडला. बाकी मंग लिहितो, दूध उतू जाऊन राह्यलं.

मोहाखालची
आमच्याकडे गडचिरोलीत मोहाच्या बियांचं तेल, टोरीचं. थंडीत तुपासारखं गोठते. आजी ते तळहातावर चोळून पातळ करायची अन् आमच्या पायांना लावायची. आता गावात टोऱ्या वेचणारे कमी झाले, घाणीपर्यंत कोण नेते? दोन वर्षं झाली मिळालं नाही. कोणाकडे असेल तर सांगा, वासासाठी तरी पाहिजे.

उपकेंद्रातली ताई
मी रोज हेच पाहते म्हणून थोडं लांब लिहिते. आपण थंडीत बंबाचं कढत पाणी घेतो, वरून अंग लाल होईपर्यंत साबण घासतो. कातडीचं स्वतःचं तेल त्यातच निघून जाते. पाणी कोमट घ्या, आंघोळ ५-१० मिनिटांत उरका, साबण काख-जांघ-पायांपुरता. पंचानं टिपा, घासू नका. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, व्हॅसलीन नाहीतर बिनवासाचं मलम लावा. पाणी आत राहावं म्हणून हे सगळं. वाळल्यावर कितीही चोळलं तरी तेवढा गुण येत नाही. टाचांसाठी युरियाचं मलम मिळते औषधाच्या दुकानात. वावरातला युरिया कृपा करून लावू नका, एका आजीनं लावला होता. उललेल्या जागी लिंबूही नको.

वरूडकर
आमच्या पोराला मागच्या हिवाळ्यात खाज सुटली. कोरडेपणाच असेल म्हणून तेल लावत राहिलो. मग एका दुकानातून विचारूनच ट्यूब आणली, चार दिवस बरं वाटलं अन् नंतर दुप्पट. बायकोला, आईलाही सुरू झालं. पोर रात्र-रात्र रडायचं, मला काही सुचत नव्हतं.

उपकेंद्रातली ताई
दादा, रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यात, बेंबीभोवती, घरात दोघा-तिघांना, म्हणजे बहुतेक खरूज. त्याला परमेथ्रिनचं मलम, मानेखाली सगळ्या अंगाला, रात्रभर. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आठवड्यानं पुन्हा. कपडे-चादरी गरम पाण्यात. लहान बाळ असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.

वरूडकर
हो ताई, शेवटी डॉक्टरनं तेच सांगितलं. महिनाभर पोराचे हाल झाले ते विसरत नाही.

धानाचं शिवार
२०१८ च्या डिसेंबरात नागपूरला पारा ३.५ वर गेला होता, आठवते? त्याच थंडीत बाबांची टाच फुटली. शुगर होती, त्यांना दुखलंच नाही. सगळ्यांना वाटलं भेग आहे, भरून येईल. पू झाला तेव्हा कळलं. अंगठा गेला. घरात शुगरवालं कोणी असेल तर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे उजेडात तुम्ही स्वतः पाहा, त्यांच्यावर सोडू नका. मी आता आईचे पाहतो.

मोहाखालची
अरे बापरे. दादा, काळजी घ्या.

पऱ्हाटीवाली
आली परत. जवसाचं तेल वाळलं की पापुद्रा धरते, म्हणून भेग बुजते असं आमची सासू म्हणते. जखम उघडी असंन तं नका भरू मात्र. जवसफूल ताई, तेल घाणीचं मिळते का तुमच्याकडे अजून? आमच्या इथं जवस पेरणंच बंद झालं, सगळं सोयाबीन अन् पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. चटणीपुरतं बाजारातून आणतो.

जवसफूल
यवतमाळच्या बाजारात जवस मिळते, तेलाचं विचारून सांगते. आज मायला फोन लावला, मेण किती टाकायची ते विचारायला. तर म्हणे, "तुले भेगा पडल्या का वं? मोहोळाचं मेण आहे घरी, पाठवतो." सत्तरी उलटली तिची, अजून डब्बीत मेण ठेवून आहे. संक्रांतीला जाऊन मीच तिच्या टाचांना लावून देणार आहे.

मोहाखालची
जा नक्की. अन् चटणीत लसूण भाजून टाकता की कच्चा? आमची कडू होते.

पऱ्हाटीवाली
कच्चाच. जवस मंद आचेवर भाजा, तडतडलं की लगेच उतरवा, जास्त भाजलं की कडू होते.