पॉलिअ‍ॅनिलिनमध्ये कार्बन घालूनही कंडक्टिव्हिटी वाढेना, काय चुकतंय?

लॅबमधला_उंदीर:
एमएस्सीचं प्रोजेक्ट आहे, पॉलिअ‍ॅनिलिन म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरवर. अ‍ॅनिलिनमध्ये ५ टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची पावडर) टाकून पॉलिमराइज केलं, रिअ‍ॅक्शन घडवायला अमोनियम परसल्फेट, १ मोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड), भांडं बर्फात, सगळं नेहमीसारखं, मग पावडर मस्त धुतली, वाळवली आणि पेलेट दाबली, १३ मिमी व्यासाची, १ मिमी जाड. मल्टिमीटर लावला तर कधी ४० किलोओहम कधी २००, प्रोब जरा दाबला की आकडा पळतो. सर म्हणतात कार्बन वाढव. वाढवू का?

निळी_शाई:
थांब रे, कार्बनचं नंतर बघू. धुतली कशाने? आणि रंग?

लॅबमधला_उंदीर:
बोअरच्या पाण्याने, पीएच ७ येईपर्यंत, सात-आठ वेळा तरी. कार्बनमुळे काळीच दिसते. पण बिनकार्बनची बॅच आहे ती आधी हिरवी होती, आता निळसर झालीये.

निळी_शाई:
झालं मग! हिरवं ते सॉल्ट, त्यात अ‍ॅसिडचा प्रोटॉन असतो म्हणून करंट जातो. बोअरचं पाणी जरा अल्कलाइन, त्याने तू ते अ‍ॅसिडच काढून टाकलंस, उरला निळा बेस म्हणजे जवळजवळ इन्सुलेटर. आता त्यात ५ टक्के कार्बनचे गोळे एकमेकांना टेकतच नसतील तर वाट कुठून मिळणार. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, लांबट असतात म्हणून त्यांचं जाळं १ टक्क्याच्या आतही जमतं, ब्लॅकला जास्त लागतो. पावडर परत १ मोलर एचसीएलमध्ये रात्रभर ठेव, पातळ एचसीएल आणि मग अ‍ॅसिटोनने धू, ६० डिग्रीच्या वर वाळवू नकोस.

जुना_फिजिक्सवाला:
आणि तो मल्टिमीटर बाजूला ठेवा राव. साधं पॉलिअ‍ॅनिलिन चांगलं झालं तर कंडक्टिव्हिटी १ ते १० सीमेन्स पर सेंमी येते. १ धरलं तरी तुमच्या पेलेटचा आरपार रेझिस्टन्स ०.०८ ओहमच्या आत, त्याहून जास्त तर नुसत्या वायरींचाच असतो, वर कॉन्टॅक्टचा वेगळाच. फोर प्रोबच पाहिजे, म्हणजे चार टोकं, दोनांतून करंट सोडायचा आणि उरलेल्या दोनांवर व्होल्टेज मोजायचा, मग वायरी-कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स मधे येत नाही. पेलेट प्रोबमधल्या अंतरापेक्षा बरीच पातळ असेल तर रेझिस्टिव्हिटी म्हणजे ४.५३ गुणिले जाडी गुणिले व्ही बाय आय (व्होल्टेज भागिले करंट), आणि कंडक्टिव्हिटी त्याच्या उलट; डोळे झाकून जाड नमुन्यांचं टू पाय एस (एस म्हणजे प्रोबमधलं अंतर) लावू नका, दरवर्षी कुणीतरी लावतंच.

लॅबमधला_उंदीर:
एचसीएलमध्ये टाकल्या टाकल्या निळी बॅच हिरवीगार! फोर प्रोब फिजिक्सवाल्यांकडे आहे म्हणे, पण कपाटाची किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.