८ वॉट पुरतात का?
एकानं विचारलंय की ३००बी नावाच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या ८ वॉटच्या अँपवर (अँप्लिफायरवर) हॉल आवाजानं भरेल का. हॉर्न, म्हणजे भोंग्याच्या आकाराचा स्पीकर, असेल तर भरून उरेल! १०४ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे १ वॉटला १ मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) हॉर्नला १ वॉट दिला की ८७ डेसिबलच्या साध्या स्पीकरला ५० वॉट दिल्याएवढा आवाज येतो. आमच्या परभणीकडं लग्नाच्या मांडवावरचा भोंगा शिवारापल्याड ऐकू जायचा, तत्त्व तेच.

खरी डोकेदुखी अँपच्या गुणगुणीची. साध्या स्पीकरवर दबून जाणारी घरघर हॉर्न थेट कानाशी आणून ठेवतो. त्यामुळं घ्यायच्या आधी रात्री, गाणं न लावता, नुसता अँप चालू करून ऐका.

आणि स्टॅबिलायझर घ्याच. आपल्याकडच्या व्होल्टेजच्या चढउतारानं ट्यूबचं आयुष्य घटतं. मे महिन्यात मी तर अँप पहाटेच लावतो. ट्यूब तापतात, ४२ अंशात घरात आणखी एक शेगडी कशाला?