मदत हवी आहे: ई-सिगारेटचा ‘धूर’ नववीच्या मुलांना कसा समजावून सांगावा?

नमस्कार. मी नववीला विज्ञान शिकवते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने ठामपणे सांगितले की ई-सिगारेटमधून निघते ती निव्वळ पाण्याची वाफ, आणि निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. २०१९ च्या कायद्याने भारतात या उपकरणांच्या विक्रीवर बंदी असूनही हा समज मुलांपर्यंत पोहोचला आहे, याची मला मनापासून काळजी वाटते.

बॅटरीवर तापणारी तारेची गुंडाळी कापसाच्या वातीत मुरलेल्या प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या द्रवांच्या मिश्रणाची वाफ करते. ही वाफ ओढलेल्या हवेत मिसळून थंड होताच तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात आणि त्यांच्यावरून प्रकाश विखुरल्यामुळे पांढरा ढग दिसतो. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. उकळत्या किटलीच्या तोटीलगतची बोटभर रिकामी दिसणारी जागा आणि तिच्यापुढे सुरू होणारा पांढरा झोत दाखवल्यावर एवढे मुलांना पटले. परंतु ग्लिसरीनचे प्रमाण वाढले की ढग अधिक दाट होतो, आणि निकोटीनही याच ढगाबरोबर फुप्फुसात उतरते, हे किटलीवरून दाखवता येत नाही. माझ्या मते महत्त्वाचा भाग तोच आहे.

ई-सिगारेट वर्गात न आणता हा भाग दाखवणारा एखादा सुरक्षित प्रयोग आपल्यापैकी कोणी केला असल्यास कृपया साहित्यासह कळवावा. ‘एरोसोल’साठी (म्हणजे हवेत तरंगणाऱ्या अशा अतिसूक्ष्म थेंबांसाठी) मुलांना सहज कळेल असा मराठी शब्दही सुचवावा, कारण ‘वाफ’ म्हटले की सगळा घोटाळा पुन्हा सुरू होतो.