लिंगायत कुटुंबातील ज्येष्ठांची सागरसमाधीची इच्छा : परवानगी आणि विधी यांबाबत माहिती हवी आहे

सर्व सदस्यांना नमस्कार.

आमचे मूळ गाव औसा तालुक्यात असून कुटुंब लिंगायत आहे. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतो, ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांची उभी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली आणि निवृत्तीनंतर ते लातूरला स्थायिक झाले. प्रकृती ठीक आहे, बुद्धी तर आम्हा सर्वांपेक्षा तल्लख आहे. म्हणूनच त्यांनी वकिलाकडून करून घेतलेल्या इच्छापत्रातील एक परिच्छेद म्हातारपणाचा हट्ट म्हणून बाजूला सारता येत नाही. आपला देह दहन न करता, जसा आहे तसा समुद्रात सोडावा, असे त्यांनी त्यात लिहिले आहे.

ज्यांच्याकडे दहनाची रीत आहे त्यांच्या घरी हा प्रश्न इतका चिघळला नसता. अस्थी गंगाखेडला किंवा नांदेडला गोदावरीत नेतात, त्याऐवजी मुंबईला नेल्या असत्या. गांधीजींच्या अस्थींचा एक अंश ३० जानेवारी २००८ रोजी गिरगाव चौपाटीजवळ अरबी समुद्रातच विसर्जित करण्यात आला होता, आणि माझ्या चुलतभावाने हाच दाखला देऊन तसा तोडगा सुचवला. परंतु आमच्यात मुळात अग्नी नाही. देहाला स्नान घालून, विभूती लावून, बसत्या स्थितीत मिरवत नेतात, आणि त्याच स्थितीत खड्ड्यात बसवून, तळहातावर इष्टलिंग (आयुष्यभर अंगावर धारण केलेले लहान लिंग) ठेवून, जंगमांच्या म्हणजे आमच्या पुरोहितांच्या उपस्थितीत माती देतात. त्यामुळे मधला मार्ग म्हणून पुढे आलेले दहन घरातील वडीलधाऱ्यांना समुद्राहूनही परके वाटते. आमच्या स्वामींचेही म्हणणे असे पडले की, पाण्याचा विचार एक वेळ करता येईल, अग्नीचा नको.

खरी अडचण मात्र शास्त्राची नाही. काकूंची समाधी आमच्या शेतात आहे आणि तिच्या शेजारची जागा अप्पांसाठी राखलेली आहे. आत्या त्या जागेचा विषय निघाला की उठून जातात, त्यामुळे घरात याबद्दल सरळ बोलणेच होत नाही. अप्पांचे म्हणणे एवढेच, की ऐन तारुण्यात एका सहकाऱ्याला भर समुद्रात निरोप देताना त्यांनी पाहिले आणि तेव्हापासून त्यांच्या मनात दुसरी जागा आली नाही.

मी थोडे वाचन केले आहे. इंग्लंडमध्ये यासाठी सागरी परवाना घ्यावा लागतो, ठरावीक ठिकाणीच परवानगी मिळते, देहावर टिकवण्यासाठी रसायनांची प्रक्रिया केलेली चालत नाही आणि पेटीला भोके पाडून तळाशी वजन बांधावे लागते. अमेरिकेत किनाऱ्यापासून किमान ३ सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर दूर जावे लागते, पाणी साधारणपणे किमान ६०० फूट खोल असावे लागते आणि नंतर ३० दिवसांच्या आत शासनाला कळवावे लागते. यातली रसायनांची अट मला विशेष अडचणीची वाटते, कारण देह विमानाने न्यायचा झाल्यास तीच प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र मागतात. मग उरते बर्फाची पेटी आणि रस्त्याने रात्रभराचा प्रवास. (लातूरहून सर्वांत जवळचा समुद्र कोणता, हा प्रश्न आमच्या घरात आजवर कोणाला पडला नव्हता.)

आपल्याकडे अशी परवानगी नौवहन महासंचालनालयाकडे मागायची, तटरक्षक दलाकडे की महाराष्ट्र सागरी मंडळाकडे? इच्छापत्रातील असा परिच्छेद वारसांवर बंधनकारक ठरतो का? आणि भूमिसमाधी देणाऱ्या समाजांपैकी, मग ते लिंगायत असोत, महानुभाव असोत वा नाथपंथी गोसावी, कोणाच्या घरी असा प्रसंग आला असल्यास विधी कसा केला आणि इष्टलिंगासारख्या वस्तूंचे काय केले, हे कृपया लिहावे.

प्रतिसाद :

ताई, मी नांदेडचा असून व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी होतो. अप्पांनी पाहिले ते बहुधा जुन्या पद्धतीचे असावे. कॅनव्हासमध्ये देह शिवून पायाशी लोखंडाचे वजन घालत, जहाजाची गती थांबवत, आणि कॅप्टनने इशारा केला की फळी तिरपी करत. त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवहीत लिहिले जात. आता शीतगृहाची सोय असल्यामुळे देह पुढच्या बंदरापर्यंत नेतात. इस्लाममध्येही, देह खराब होण्याआधी जमीन गाठणे अशक्य असेल तरच समुद्राची मुभा आहे. थोडक्यात, जहाजावर हा नाइलाजाचा उपाय होता. अप्पा जमिनीवरून निघून मुद्दाम तिकडे जाऊ इच्छितात, त्यामुळे बोटीवरची जुनी प्रथा इथे परवानगीसाठी उपयोगी पडेल असे समजू नका.

दुसरे म्हणजे खोली. मुंबई हाय हे समुद्रातले तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथेसुद्धा पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे. तुम्ही लिहिलेले ६०० फूट म्हणजे १८३ मीटर होतात. मुंबईपुढचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, इतका रुंद आहे की तेवढ्या खोलीसाठी मासेमारीची बोट भाड्याने घेऊन भागणार नाही. उथळ पाण्यात सोडलेला देह ट्रॉलच्या, म्हणजे समुद्रतळावरून ओढत नेण्याच्या, जाळ्यात येण्याची भीती असते, आणि मग पुढचे सगळे पोलिसांच्या हाती जाते. हे आकडे तुम्ही आपसात चर्चिण्याऐवजी अप्पांसमोर ठेवा. त्यांना ते तुमच्यापेक्षा लवकर कळतील.

धागाकर्ती :

आपले मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मी अप्पांना वाचून दाखवला. मुंबईसमोर पाणी उथळ आहे हे त्यांना ठाऊक होतेच, आणि इच्छापत्रात आपण मुंबईचे नाव कुठेही घातलेले नाही, याकडे त्यांनी माझे लक्ष वेधले. दक्षिणेकडे भूखंडमंच अरुंद होत जातो, तेव्हा कोचीची चौकशी कर, असे त्यांचे सांगणे आहे. आत्यांना हे अजून कळवलेले नाही. कोचीकडच्या बंदर कार्यालयात अशा विनंतीसाठी कोणाला भेटावे लागेल आणि परराज्यातून देह नेताना मृत्यूच्या दाखल्याव्यतिरिक्त कोणती कागदपत्रे लागतात, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया सांगावे.