मदत हवी आहे: आईसाठी शाईचा पेन, ५०० च्या आत (आणलेला नीट चालत नाहीये)

नमस्कार मंडळी,

आई ६८ वर्षांची आहे. गेले चारेक महिने ती आजीच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवतेय, आठवतील तशा, म्हणजे फोडणीला टाकताना एखादी आठवली तर गॅस बारीक करून आधी येऊन लिहिणार. पण तिचं अंगठ्याचं बूड दुखतं, पंधरा-वीस ओळी झाल्या की हात झटकत बसते. बॉलपेन इतका दाबून धरते की पान उलटून बोट फिरवलं तर मागून अक्षरं हाताला लागतात. शाईच्या पेनाला दाब लागत नाही, निब नुसती टेकली की शाई उतरते, म्हणून म्हटलं हे करून बघू. तिलाही हौस आहे, शाळेत शाईची वडी पाण्यात विरघळवून दौत भरायचे ते अजून सांगते.

मागच्या आठवड्यात दुकानातून दीडशेचा पेन आणला (कंपनीचं नाव लिहीत नाही, कदाचित माझाच पीस खराब असेल), ड्रॉपरने भरायचा, शाई कॅमलची रॉयल ब्लू. सकाळी टोपण उघडलं की पहिली दोन-तीन अक्षरं उमटतच नाहीत आणि लिहिताना शाई मध्येच तुटते. 'सासरी' लिहिताना काना अर्धाच आला, मग तिने तो वरून गिरवला, आणि गिरवायचं म्हटलं की परत तोच दाब. ज्यासाठी पेन आणला तेच राहिलं. दुसरं म्हणजे शाई अर्ध्याखाली गेली की निबेवर टपोरा थेंब जमून वहीत पडतो, परवा अख्खी ओवी त्याच्याखाली गेली. नशीब तिला ती तोंडपाठ होती, मला तर पोटात धस्स झालं.

मी निब साध्या पाण्याने धुतली, फरक नाही. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघितलं तर निबेच्या दोन पात्यांपैकी एक किंचित वर दिसतंय. नखाने दाबून सारखं करता येतं का, की निब मोडेल?

नवीन घ्यायचा तर फाईन घ्यायचा की मीडियम? आईचं अक्षर बारीक आहे, मीडियमने 'ष्ट' आणि 'क्ष'मधली पोकळी भरून जाते. जपानी फाईन युरोपियन फाईनपेक्षा बारीक येते असं वाचलं म्हणून प्लॅटिनम प्रेपी हा जपानी पेन डोक्यात आहे, टोपण घट्ट बसतं त्यामुळे शाई लवकर वाळत नाही असंही कळलं. पण तिला जाड पकड लागते, बारीक पेन अंगठ्याला जास्त त्रास देतो, तर कोणी वयस्कर माणसाला वापरायला दिलाय का? आणि पाण्याने न जाणारी शाई कुठली घ्यावी? ही वही माझ्या मुलीपर्यंत जायला हवी. एक दुकानदार चित्रकलेची काळी इंडियन इंक देत होता, पण त्यात लाख असते आणि ती आत वाळली की पेन कायमचा बसतो, म्हणून घेतली नाही.

अपडेट: खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! भांड्यांच्या साबणाचा एक थेंब कोमट पाण्यात टाकून निब आणि खालची जीभ (निबेपर्यंत शाई आणणारा भाग) धुतली, नव्या पेनात कारखान्यातलं तेल राहतं म्हणतात ते खरं असावं. वर आलेलं पातं नखाने हळूच दोन-तीनदा खाली दाबलं. काना आता सलग येतोय. थेंबाचं कारणही ज्या ताईंनी समजावलं त्यांचे खास आभार, हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि शाई ढकलते, टाकी जितकी रिकामी तितकी हवा जास्त, त्यामुळे आता निम्मी संपायच्या आत भरतोय.

आणि आई पेन बॉलपेनसारखा उभा धरत होती, शिवाय बोटात फिरायचा, त्यामुळे निबेची कड कागदावर यायची. आता आडवा धरते, निबेची वरची बाजू आपल्याकडे. काल सलग दोन पानं लिहिली, हात झटकला नाही.

जाड पकडीचा पेन आणि टिकाऊ शाई एवढं अजून राहिलंय, वापरलेलं असेल तर नक्की सांगा. कागदाचंही, तिच्या २०० पानी वहीत शाई मागे फुटतेय, म्हणून सध्या एकाच बाजूला लिहितेय.