लिफ्टचे पॉइंट्स आणि जैसलमेरचा उंट

ग्रुप: सोसायटी ऑफिशियल (फॉरवर्ड टाकू नयेत)

रविवार

संध्या. ७:१२ – देशपांडे वहिनी, बी-३०४
नमस्कार. कुणाच्या घरात डोकावायची मला सवय नाही. पण खजिनदारांचं स्टेटस आपण सगळ्यांनीच पाहिलंय. वाळवंट, स्विमिंग पूल, उंट. खाली लिहिलंय 'सगळं पॉइंट्सवर!' हे पॉइंट्स कुठून आले, एवढंच विचारायचंय. बाकी बी विंगची लिफ्ट आज सकाळी परत तिसऱ्या मजल्यावर चार बोटं वर थांबली. आईंचा पाय अडखळला. थोडक्यात निभावलं.

७:१४ – निंबाळकर काका, ए-२०१
ए विंगच्या टाकीखालचं लीकेज. आज ४७ वा दिवस. फोटो जोडला आहे.

७:१५ – भूषण, सी-४०४
उंट देखणा आहे पण.

७:१६ – देशपांडे वहिनी
भूषण, मी गंभीरपणे विचारतेय.

७:१८ – कदम (सेक्रेटरी), सी-१०२
वहिनी, आई बऱ्या आहेत ना? लिफ्टवाल्याला आत्ताच फोन लावला, उचलत नाहीये. खाजगी विषय कृपया ग्रुपवर नकोत 🙏

७:१९ – देशपांडे वहिनी
खाजगी कसा? लिफ्टचे ३,६०,००० रुपये कुणाच्या कार्डावरून गेले, ते सगळ्यांना माहीत आहे.

७:२४ – साठे (खजिनदार), बी-७०१
नमस्कार. जोधपूर विमानतळावर आहे. जैसलमेरहून २८५ किलोमीटर गाडीत बसून आलोय, पाठीचा काटा ढिला झालाय, तरी उत्तर देतो. निवडणुकीनंतर बँकेत सह्या बदलायच्या राहिल्या होत्या. जुने अध्यक्ष मुलीकडे अमेरिकेत, नवीन तिघांचं केवायसी अडकलेलं. एक चेक निघत नव्हता. लिफ्टवाला ॲडव्हान्सशिवाय पार्ट द्यायला तयार नव्हता. तेव्हा या ग्रुपवर कुणी लिहिलं होतं, "काहीही करा पण लिफ्ट चालू करा"? मी नाव घेत नाही.

७:२५ – भूषण
बी-३०४. मी वर जाऊन बघितलं.

७:२६ – देशपांडे वहिनी
काहीही करा म्हणजे उंटावर बसा असं नव्हतं म्हटलं.

७:२९ – साठे
सोसायटीने पैसे परत द्यायला ३८ दिवस घेतले. कार्डाचं बिल थकलं असतं तर महिन्याला साडेतीन टक्के व्याज माझ्या बोडक्यावर बसलं असतं. ती काळजी तेव्हा कुणी केली नाही.

७:३१ – जोशी काका, ए-३०२
प्रश्न रकमेचा नाही, पद्धतीचा आहे. मोठी रक्कम संस्थेच्या खात्यातून चेकनेच जायला हवी. मी पस्तीस वर्षं ऑडिट केलंय.

७:३२ – निंबाळकर काका
पद्धतशीरपणे टाकी गळतेय. ४७ वा दिवस.

७:३५ – शिंदे काका, बी-१०३
साठे, तिकडे माळढोक दिसला का? जैसलमेरजवळच डेझर्ट नॅशनल पार्क आहे. राजस्थानचा राज्यपक्षी. तिकडे गोडावण म्हणतात. आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजला पूर्वी दिसायचे, मी वडिलांबरोबर सायकलवर जाऊन पाहिलाय. मान ताठ, चाल अशी की गावचा पाटीलच निघालाय. आता नान्नजला जाऊन उपयोग नाही.

७:३७ – साठे
नाही दिसला काका. ड्रायव्हर म्हणाला, विजेच्या तारांना धडकून मरतात. वजनदार पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, वळता येत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्या आणि तारा.

७:३८ – शिंदे काका
वाईट वाटलं.

७:३९ – देशपांडे वहिनी
विषय पॉइंट्सचा चालू होता.

७:४४ – साठे
तर पॉइंट्स. हिशेबच देतो, म्हणजे एकदाचं मिटेल. माझ्या कार्डावर १५० रुपयांना ४ पॉइंट मिळतात. ३,६०,००० वर झाले ९,६००. ते हॉटेलच्या खात्यात वळवताना दोनाला एक असा भाव, म्हणजे ४,८००. मला खोलीला लागले रात्रीचे २४,०००, दोन रात्रींचे ४८,०००. बाकीचे ४३,२०० माझे. तीन वर्षांचा किराणा, पेट्रोल, मुलीची क्लासची फी. सोसायटीचा वाटा बरोबर एक दशांश.

७:४६ – भूषण
थांबा थांबा. दोन रात्री म्हणजे ४८ तास. एक दशांश म्हणजे ४ तास ४८ मिनिटं. तेवढा वेळ साठे काका आमच्या खर्चाने झोपले.

७:४७ – कदम
😄 (चुकून आलं, क्षमस्व)

७:४९ – साठे
आणि फुकट फुकट म्हणताय तर ऐका. पॉइंट्सवर फक्त खोली. नाश्ता वेगळा. जेवणावर १८% जीएसटी. उंटाचे पैसे वेगळे, जीपचे वेगळे. खोलीतून 'डेझर्ट व्ह्यू' म्हणजे एक बाभूळ आणि जनरेटर. पूल तर असा गार, मी पायाचा अंगठा बुडवला आणि सूर्यनमस्कार घालून परत आलो. स्टेटसवरचा फोटो त्या अंगठ्याच्या आधीचा आहे.

७:५० – सौ. साठे, बी-७०१
खोली चांगली होती. यांना तक्रार करायची सवय आहे.

७:५२ – पाटील, सी-३०१
पॉइंट्सवर डिसेंबरमध्ये खोली मिळते? आम्ही बघितलं तेव्हा 'उपलब्ध नाही' यायचं. ॲपवर पैशाने मात्र खोल्याच खोल्या.

७:५४ – साठे
डिसेंबरात विसरा. सीझन असतो तेव्हा पॉइंट्सवाल्या खोल्या मोजक्याच सोडतात. मी जुलैत बुक केलं, तेही आठवड्याच्या मधल्या दोन रात्री. शनिवार-रविवार मागितला की पॉइंट्स दीडपट.

७:५५ – देशपांडे वहिनी
जुलैत? लिफ्टचे पैसे तर नोव्हेंबरात भरलेत.

७:५८ – साठे
पॉइंट्स कमी पडत होते, पण बुकिंग करून ठेवता येतं. मुक्कामाच्या आधी पुरे करायचे असतात.

७:५९ – देशपांडे वहिनी
म्हणजे कमी पडत होते, आणि लिफ्टने पुरे केले. एवढंच हवं होतं.

८:०१ – साठे
वहिनी!

८:०२ – साठे
विमानात बसतोय. फोन बंद करतोय. पुण्यात उतरल्यावर बोलू.

८:०४ – निंबाळकर काका
कुणी विमानात, कुणी उंटावर. मी बादली घेऊन टाकीखाली. ४७ वा दिवस. फोटो परत टाकतो, वरचा कदाचित दिसला नसेल.

८:०६ – भूषण
काका, मघाशी सौ. साठे काकूंनी जैसलमेरच्या किल्ल्याचा फोटो पाठवलाय. ११५६ सालचा. लोक अजून आत राहतात. आणि त्याच्याही पायात पाणी मुरतंय. घरं, हॉटेलं, नळ, संडास, सगळ्यांचं सांडपाणी पिवळ्या दगडात उतरतं. बुरूज खचलेत. पाऊस तिथे वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर, तरी लीकेज. म्हणजे तुमच्या टाकीला आठशे-साडेआठशे वर्षांचा वेळ आहे.

८:०७ – निंबाळकर काका
मला नाहीये तेवढा वेळ. मी ७४ वर्षांचा आहे.

८:०९ – कदम
काका, प्लंबर मंगळवारी नक्की.

८:१० – निंबाळकर काका
कुठल्या मंगळवारी?

८:२१ – जोशी काका
मी व्हाउचर फाइल काढून बसलो आहे. सोसायटीने साठेंना परत दिलेली रक्कम ३,६०,००० नाही. ३,६७,२०० आहे. लिफ्टवाल्याने कार्ड घेताना २% जादा लावले, ७,२०० रुपये. ते सोसायटीने भरले.

८:२२ – देशपांडे वहिनी
काय??

८:२३ – पाटील
म्हणजे पॉइंट्स साठेंचे आणि कार्डाचा खर्च आपला?

८:२४ – जोशी काका
प्रश्न रकमेचा नाही, पद्धतीचा आहे. तरी रक्कमही बघावी.

८:२७ – भूषण
काढली. त्या हॉटेलची खोली रोखीत १८,००० + १८% जीएसटी = २१,२४० रात्रीचे. दोन रात्री ४२,४८०. आपला एक दशांश = ४,२४८. आपण भरले ७,२००. म्हणजे ७,२०० देऊन आपण ४,२४८ चा उंट घेतला, आणि बसले साठे काका. ४,२४८ भागिले ४२ फ्लॅट = प्रत्येकी १०१ रुपये. शुभ आकडा आहे. पाकिटात घालून आहेर समजायचा.

८:२८ – सौ. साठे
भूषण, तुझ्या लग्नात बघून घेते.

८:२९ – कदम
ते २% कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. साठेंनी तेव्हाच सांगितलं होतं.

८:३० – जोशी काका
इतिवृत्तात दिसत नाही.

८:३१ – कदम
इतिवृत्त टाइप व्हायचंय.

८:३१ – जोशी काका
नोव्हेंबरचं?

८:३२ – कदम
ऑक्टोबरचंही.

८:३५ – देशपांडे वहिनी
मला वाटलं माझंच मन कोतं आहे. आता कळलं.

८:३८ – शिंदे काका
वहिनी, एक बोलू का, राग मानू नका. त्या वेळी तुमच्या आईंना व्हीलचेअरवरून दवाखान्यात न्यायचं होतं. पार्ट चार दिवसांत आले ते साठेंच्या कार्डामुळेच. ७,२०० गेले हे खरं. पण तेव्हा मी म्हातारा सोडून दुसरं कुणी खुर्चीला हात लावायला जिन्यात आलं नव्हतं, हेही खरं.

८:४१ – देशपांडे वहिनी
ते मी विसरलेले नाही काका.

८:४२ – देशपांडे वहिनी
पण विचारायचंच नाही का मग?

८:४३ – शिंदे काका
विचारा की. उंटाचं मला पण टोचलंच.

(पाटील, सी-३०१ यांनी हा मेसेज डिलीट केला.)

८:४७ – भूषण
पाटील काका, डिलीट केलात तरी वाचला. कुठल्या बँकेचं कार्ड ते साठे काकांना पर्सनलवर विचारा.

८:४८ – पाटील
सहज उत्सुकता.

१०:३६ – साठे
उतरलो. सगळं वाचलं. ७,२०० चं मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं, कदमांनी वर लिहिलंच आहे. टाइप झालं नाही हा माझा गुन्हा नाही. तरी ४,२४८ रुपये उद्या सोसायटीच्या खात्यात भरतो. विषय संपला.

१०:३८ – देशपांडे वहिनी
उपकार नकोत. हिशेब हवा होता.

१०:३९ – साठे
हिशेबच देतोय.

१०:४१ – जोशी काका
कुठल्या शीर्षाखाली जमा करणार? देणगी नाही, वर्गणी नाही.

१०:४२ – भूषण
उष्ट्र उत्पन्न.

१०:४३ – जोशी काका
संकीर्ण उत्पन्न. आणि पावती नंबरसकट. पुढच्या वेळी आधी ठराव, मग कार्ड.

१०:४४ – साठे
पुढच्या वेळी कार्ड दुसऱ्याचं. नावं द्या, कोण तयार आहे?

१०:५२ – कदम
सर्वांनी आपले विचार मांडल्याबद्दल आभार. शुभ रात्री 🙏

११:४१ – साठे
देशपांडे वहिनी, जाग्या आहात का?

११:४१ – साठे
आम्ही दोघं लिफ्टमध्ये आहोत. तिसऱ्यावर थांबली आहे. दार चार बोटं उघडून अडकलंय. तुमच्या दाराची पाटी दिसतेय.

११:४२ – सौ. साठे
वहिनी, बेल वाजवता येत नाहीये हो.

११:४३ – देशपांडे वहिनी
आले. यांना उठवते. हात मध्ये घालू नका, दार अचानक मिटतं.

११:४४ – देशपांडे वहिनी
किल्ली वॉचमनकडे की कदमांकडे?

११:४५ – कदम
माझ्याकडे. निघालो. पँट चढवतोय.

११:४६ – भूषण
४ तास ४८ मिनिटं सुरू झाली.

११:५८ – देशपांडे वहिनी
काढलं दोघांना. बॅगा अजून आत आहेत. वरच्या बॅगेत घोटुआ लाडूचा खोका आहे म्हणे, जैसलमेरचा. साठे वहिनी म्हणतात तुमच्याकडेच ठेवा, सकाळी वाटू.

रात्री १२:०३ – निंबाळकर काका
जागाच आहे. ४८ वा दिवस.